इंजिनावरचा नंबर आरसीशी जुळत नाही

प्रश्न : गेल्या वर्षी मी एक जुनी डिझेल पिकअप घेतली. आरसी माझ्या नावावर झाली आहे, पासिंग पुढच्या महिन्यात आहे. इंजिन धुतल्यावर ब्लॉकवर (इंजिनाच्या ओतीव धडावर) उठावाचे आकडे दिसले. ते आरसीतल्या इंजिन नंबराशी जुळत नाहीत. मेकॅनिक म्हणतो, इंजिन दुसऱ्याच गाडीचं आहे, आरसीतला नंबर पंच करून देतो, कोणी विचारणार नाही. विकणारा फोन उचलत नाही. काय करू?

उत्तर : मेकॅनिकला आधी थांबवा. पंच मारला की आज कागदोपत्री असलेली भानगड फौजदारी होईल, आणि मग ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोयही राहणार नाही.

मुळात तुम्ही पाहिलेले आकडे हा इंजिन नंबर नसावाच. उठावाचे आकडे साच्यातून येतात. त्या साच्यातून निघालेल्या सगळ्या ब्लॉकांवर ते सारखेच असतात, म्हणून आरसीशी ते जुळणार नाहीतच. इंजिन नंबर धातूत खोल ठोकलेला असतो, बहुधा ब्लॉकवरच्या एखाद्या सपाट घासलेल्या पट्टीवर : हेडच्या (ब्लॉकवरच्या झाकणाच्या) खाली, फ्युएल पंपाजवळ किंवा गिअरबॉक्स जोडतो त्या बाजूला. ती जागा डिझेल आणि फडक्यानेच पुसा. पॉलिश पेपर, ग्राइंडर अजिबात नको. पुसण्याआधी आणि नंतर फोटो काढा.

नंबर जुळला तर विषय संपला. वेगळा निघाला तर इंजिन कोणतं आहे ते ठरवावं लागेल. नंबरातली सुरुवातीची अक्षरं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ओळखता येतात. बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) मोजूनही सीसी काढता येते. जुन्या महिंद्रा गाड्यांतलं प्यूजोचं एक्सडीपी ४.९० घ्या : चार सिलिंडर, ९० मिमी बोअर, ८३ मिमी स्ट्रोक, म्हणजे २११२ सीसी. महिंद्राच्याच एमडीआय इंजिनात बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६, म्हणजे २५२३ सीसी. आरसीवर एक आकडा आणि बोनेटखाली दुसरा, तर इंजिन बदललंय हे नंबर न वाचताही कळतं. ही मोजमापं मेकॅनिककडून सही-तारखेसह लिहून घ्या. पंच मारायला निघालेला माणूस एवढं तरी करेल.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय इंजिन बदललं असेल तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवून आरसीत नोंद करून घ्यायची असते. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बदल तुम्ही केलेला नाही, त्यामुळे हे कलम तुमच्यावर सहज बसत नाही. तुम्हाला खरी भीती आहे कलम ५५(५) ची. गाडीवरचा इंजिन किंवा चेसिस नंबर आरसीहून वेगळा असेल तर तुमचं म्हणणं ऐकून घेऊन नोंदणी रद्द करता येते, आणि इंजिन कोणी बदललं हे ते कलम विचारत नाही. म्हणून पासिंगची वाट पाहू नका. आरटीओकडे स्वतःहून लेखी अर्ज करा : गाडी कधी घेतली, फरक केव्हा लक्षात आला, सोबत फोटो आणि मेकॅनिकचं पत्र. पोच घ्या.

त्याआधी सापडलेला नंबर चोरीच्या नोंदींत आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’मध्ये तपासा. तक्रार निघाली किंवा नंबर घासून काढलेला दिसला तर मात्र गाडी रस्त्यावर न आणता वकिलासोबत पोलिस ठाण्यात लेखी माहिती द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणाऱ्याला लागतं. कळल्यावर गप्प बसणं हाच तिथे तुमच्याविरुद्धचा पुरावा होऊ शकतो. नंबर नाही म्हणजे चोरीच, असंही नाही. काही ब्लॉकांवर तो वरच्या कडेलाच असतो आणि वर्कशॉपमध्ये फेसिंग करताना, म्हणजे ती कड घासून सपाट करताना, निघून जातो. तसं असेल तर त्या कामाचं बिल शोधा.

विकणाऱ्याला फोन करणं सोडा, नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवा. मालविक्री अधिनियम १९३० च्या कलम १४ प्रमाणे माल विकण्याचा हक्क आपल्याला आहे, ही अट विक्रेत्याने गृहीत धरूनच दिलेली असते. इंजिन चोरीचं ठरलं तर ‘जशी आहे तशी घेतली’ हे करारातलं वाक्य त्याला फारसं वाचवणार नाही. इंजिन कायदेशीर असूनही त्याने बदल लपवला असेल, तर फसवणुकीचा मुद्दा वेगळा मांडावा लागेल. नोटिशीत आता गाडीत असलेल्या इंजिनाचं बिल किंवा ते ज्या गाडीतून काढलं तिच्या भंगाराचे कागद मागा. ते मिळाले तर आरटीओतलं काम बरंच हलकं होईल.

विमा कंपनीलाही आताच लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरने नंबर वाचला आणि तो फरक त्यालाच आधी दिसला, तर क्लेमवर वाद ठरलेला.