मैदानावरचे प्रश्न : नियम बदलले, मग खेळ सुरक्षित झाला का?

प्रश्न : मॅडम, मी येळ्ळूरचा. तरुणपणी तालमीत होतो, बऱ्याच कुस्त्या केल्या. मुलगा टेक्सासमध्ये नोकरीला आहे. नातू यंदा नववीत गेला आणि त्याला शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये जायचंय. मोबाईलवर सामना बघितला तर पोरं सरळ एकमेकांच्या अंगावर धावून जातात, डोक्याला डोकं लागतं. मुलगा म्हणतो, ‘बाबा, आता नियम बदललेत, पूर्वीसारखं राहिलं नाही.’ खरं काय ते तुम्ही सांगा.
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : काका, मुलगा खोटं सांगत नाही. नियम बदललेत आणि त्यातल्या काहींनी जीव वाचवलेत. पण त्यावरून धोका गेला असं समजू नका.

बेळगावात कॅम्पात आपण जो फुटबॉल बघतो, त्याच्याशी या खेळाचं नातं नावापुरतंच. चेंडू लांबट, दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, आणि समोरच्यांनी चेंडूवाल्याला धरून खाली पाडायचं. धडक हा या खेळाचा पायाच आहे. म्हणून नियम करणाऱ्यांपुढे सुरुवातीपासून एकच प्रश्न राहिला : धडक ठेवायची, पण कोणती?

1905 च्या एका हंगामात अमेरिकेत हा खेळ खेळताना 18-19 जण दगावल्याच्या नोंदी आहेत. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतलं. 1906 मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, आणि पाच यार्डांऐवजी दहा यार्ड जायचं ठरलं. त्याआधी सगळे गडी एका जागी गठ्ठा करून रेटायचे आणि खालचा चिरडायचा. फेक आल्यावर गडी मैदानभर पसरले.

पुढे हेल्मेट आलं. एनएफएल या व्यावसायिक लीगने ते 1943 मध्ये सक्तीचं केलं. कवटी फुटण्यापासून वाचली, पण टणक हेल्मेट डोक्यावर आल्यावर खेळाडू डोकंच पुढे घालून मारू लागले. माना मोडायला लागल्या. 1976 मध्ये शाळा-कॉलेजांच्या खेळात डोकं पुढे घालून धडक मारण्यावर बंदी आली. त्या वर्षी मानेच्या इजेने हातपाय कायमचे गेलेले 34 खेळाडू नोंदले गेले होते, 1984 मध्ये 5. कुणी ‘नियमांनी काय होतं?’ असं विचारलं की मी हे आकडे सांगते. माझं काम फिजिओथेरपीचं. मानेखाली संवेदना नसलेल्या तरुण पोराला खाटेवर बसतं करायला किती महिने जातात आणि त्याच्या आईचं काय होतं, ते मी जवळून बघते. एकोणतीस पोरं वाचणं ही लहान गोष्ट नाही.

मेंदूचं मात्र तसं नाही. नारळ हलवला की आतलं पाणी हलतंच, बाहेरून कितीही कापड गुंडाळा. हेल्मेट कवटीला जपतं, आतल्या मेंदूचा हिसका पुरता थांबवू शकत नाही. आणि एखादी मोठी धडक, चक्कर, बेशुद्धी एवढ्यावरच हे संपत नाही. रोजच्या सरावातले लहान लहान धक्के, ज्यांनी गडी पडतही नाही, तेही वर्षानुवर्षं साठत जातात.

पिट्सबर्गच्या संघाचा माइक वेबस्टर 17 हंगाम खेळला. तो मधल्या फळीत, म्हणजे दर चालीला समोरच्याशी भिडणाऱ्या जागेवर. 2002 मध्ये तो पन्नाशीत वारला, त्याआधी काही वर्षं त्याचं मन आणि संसार दोन्ही विस्कटले होते. डॉ. बेनेट ओमालू या मूळच्या नायजेरियन डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला आणि 2005 मध्ये आपले निष्कर्ष छापले. डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदू हळूहळू खराब होत जातो, त्या आजाराला सीटीई म्हणतात. लीगने नेमलेल्या डॉक्टरांनी तो लेख मागे घ्यायला सांगितलं. डोक्याच्या दुखापतींसाठी लीगने 1994 मध्ये जी समिती केली होती, तिचे पहिले प्रमुख संधिवाताचे डॉक्टर होते! फुटबॉल आणि सीटीईचा संबंध आहे, हे लीगच्या अधिकाऱ्याने उघडपणे मान्य केलं ते 2016 मध्ये. या अकरा वर्षांचा मला अजून राग येतो.

बॉस्टन विद्यापीठाने 2023 मध्ये सांगितलं, की तपासलेल्या 376 माजी एनएफएल खेळाडूंच्या मेंदूंपैकी 345 मध्ये सीटीई सापडला. हा आकडा वाचून घाबरून जाऊ नका. ज्या घरांना शंका होती त्यांनीच बहुतेक मेंदू दान केले, म्हणून सगळ्या खेळाडूंत हेच प्रमाण असेल असं नाही. मला त्याच विद्यापीठाचा 2019 चा अभ्यास जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात टॅकल फुटबॉलच्या, म्हणजे गड्याला धरून पाडायच्या खेळाच्या, प्रत्येक वाढत्या वर्षागणिक सीटीईची शक्यता सुमारे 30 टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे किती वर्षं खेळला, हा प्रश्न मोठा. तालमीत तुमचा कान मोडला असेल तर तो आरशात दिसतो. हा आजार जिवंतपणी खात्रीने सांगता येत नाही, निदान मृत्यूनंतरच होतं.

आता नातवाचं. माझं मत विचाराल तर चौदाव्या वर्षी टॅकल नको. त्याच खेळाचा फ्लॅग फुटबॉल नावाचा प्रकार आहे. कमरेला पट्टे लावायचे, गड्याला पाडायचं नाही, पट्टा ओढला की तो थांबला. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो आहे, म्हणजे कमी दर्जाचा खेळ म्हणून पोराने नाक मुरडायचं कारण नाही.

तरीही मुलगा आणि सूनबाई ‘खेळू दे’ म्हणाले, तर त्यांना टेक्सासचा कायदा नीट वाचायला सांगा. 2011 पासून तिथे डोक्याला मार लागल्याची शंका कोच, डॉक्टर किंवा आई-वडील यांपैकी कुणालाही आली, तरी पोराला लगेच बाहेर काढावं लागतं. परत खेळवायला डॉक्टरांचं लेखी पत्र लागतं, कोचला तो अधिकार नाही. हंगामात दर खेळाडूला आठवड्याला 90 मिनिटांपेक्षा जास्त पूर्ण धडकेचा सराव द्यायचा नाही, हाही तिथल्या शालेय क्रीडा संस्थेचा नियम आहे. ती 90 मिनिटं मोजतं कोण, आणि दुखापत ओळखणारा प्रशिक्षित माणूस रोजच्या सरावाला हजर असतो की फक्त सामन्याला, एवढं सूनबाईंनी शाळेत जाऊन विचारावं. शाळा नीट असेल तर तिला या प्रश्नांचा राग येणार नाही.

प्रश्न : ताई, मी खानापूरचा, बेळगावात इंजिनिअरिंग करतो. हॉस्टेलवर आम्ही चार-पाच जण रविवारी रात्री एनएफएल बघतो. दरवर्षी नवा नियम! किकऑफचं रूपच बदललं, हिप-ड्रॉप टॅकल बंद केलं. खेळाडूंच्या संघटनेचाच त्याला विरोध होता. खेळणाऱ्यांना नको तर मालकांना एवढी काळजी का? खेळातला दम गेला असं तुम्हाला वाटत नाही का?
— एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : किकऑफपुरतं मी तुझ्या विरुद्ध आहे. मालकांवरच्या प्रश्नात तुझ्याबरोबर.

किकऑफ म्हणजे लात मारून चेंडू समोरच्यांकडे पाठवत खेळ सुरू करणं. जुन्या किकऑफला दोन फळ्या मैदानाच्या दोन टोकांकडून पूर्ण वेगात धावत येऊन आपटायच्या. 2011 मध्ये लात मारायची जागा 30 वरून 35 यार्डांवर, म्हणजे पाच यार्ड पुढे आणली. चेंडू जास्त वेळा थेट मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात जाऊ लागला, धावच कमी झाली. इजा कमी झाल्या, पण 2023 पर्यंत शंभरातल्या जेमतेम 22 किकवर कुणी चेंडू घेऊन पळायचं. बाकी वेळी सगळे चालत परत. तुला हा दम वाटतो का? 2024 मध्ये त्यांनी लात मारणाऱ्याचे दहा साथीदार समोरच्यांच्या 40 यार्डांवर उभे केले, अडवणारे बहुतेक गडी 30 ते 35 च्या मध्ये, आणि चेंडू पलीकडे पडेपर्यंत किंवा कुणी झेलेपर्यंत कुणी हलायचं नाही. धावत येण्याचं अंतरच काढून टाकलं. त्या हंगामात सुमारे 33 टक्के किक परत धावल्या गेल्या. धाव वाढली आणि लांबून येणारी धडक गेली. मला असे नियम आवडतात, कारण ते खेळाडूच्या सावधपणावर विसंबत नाहीत. जोशात कुणाला सावधपणा सुचतो?

हिप-ड्रॉप तसा नाही. मागून किंवा बाजूने कंबर धरायची, स्वतःचं वजन सोडून वळायचं आणि पळणाऱ्याच्या पायांवर बसायचं. त्याचा घोटा किंवा गुडघा खाली अडकतो आणि वरून शंभर किलो. मार्च 2024 मध्ये त्यावर बंदी आली. खेळाडू, कोच आणि पंच सगळेच गोंधळतील, असं संघटनेचं म्हणणं होतं. वेगात असलेल्या गड्याला क्षणात पकड बदलता येत नाही, हे मलाही पटतं. तरी बंदी योग्यच. कबड्डीत मागून धरून पायावर बसणारे बचावपटू आपल्याकडेही आहेत, त्यांनी मोडलेले घोटे माझ्याकडे येतात. ती पकड शिकवलेली असते, म्हणून सोडवताही येते. लहान वयातच वेगळी पकड शिकवली तर वीस वर्षांचा झाल्यावर त्याला विचार करावा लागणार नाही.

आता मालक. नियम बदलायला 32 संघांपैकी 24 संघांची मतं लागतात, आणि मत संघमालकांचं. खेळाडूंना मत नाही. ज्याचा घोटा त्याला मत नाही, हे मला अजिबात मान्य नाही. आणि याच मालकांनी 2021 पासून हंगामातले सामने 16 चे 17 केले, आता 18 ची भाषा आहे. रविवारी खेळलेल्या संघाला गुरुवारी पुन्हा उतरवतात. सुजलेल्या सांध्याला चार दिवस पुरत नाहीत, हे सांगायला मोठा तज्ज्ञ लागत नाही.

शिवाय नियम कुणासाठी किती लवकर येतो तेही बघ. 2008 मध्ये टॉम ब्रेडी या नामवंत क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याचा, गुडघा गेला. जमिनीवर पडलेल्या बचावपटूने क्वार्टरबॅकच्या पायावर झेप घ्यायची नाही, हे 2009 मध्ये स्पष्ट झालंसुद्धा. वेबस्टरच्या जागेवर खेळणारे आजही दर चालीला डोकं भिडवतात. सरावात हेल्मेटवर मऊ कवच घालणं त्यांना 2022 मध्ये सक्तीचं झालं, सामन्यात 2024 पासून नुसती परवानगी आहे. मधल्या फळीच्या वाट्याला आलेलं हे फार उशिराचं आणि फार थोडं आहे.

प्रश्न : मॅडम, आमचं कबड्डी मंडळ निपाणी भागातलं. जत्रेतल्या स्पर्धेत आमच्या चढाईपटूचं डोकं बचावपटूच्या गुडघ्यावर आपटलं. दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, ‘काय झालं नाही, बरा हाय की,’ आणि खेळला. आता आठवडा झाला, डोकं दुखतंय म्हणतो. पुढच्या रविवारी सेमीफायनल आहे. खेळवावं का?
— एक प्रशिक्षक

उत्तर : नाही. सेमीफायनल असो नाहीतर फायनल. हे वाचाल त्या दिवशीच त्याला डॉक्टरांना दाखवा. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळूपणा, झटका, हातापायांत कमजोरी, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्या. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी चालणं, मग धावणं, मग एकट्याने सराव, मग अंगाला अंग लागणारा सराव. दर पायरीला किमान एक दिवस, आणि त्रास परत सुरू झाला तर पायरी मागे.

‘बरा हाय की’ हे उत्तर प्रत्येक खेळाडू देतो, आणि मार लागलेल्या मेंदूने दिलेलं उत्तर धरायचं नसतं. सप्टेंबर 2022 मध्ये एनएफएलमधल्या मायामी संघाचा टुआ टागोवाइलोआ मार लागून उठला आणि सगळ्यांसमोर अडखळला. पाठीचं दुखणं म्हणून त्याला पुन्हा खेळवलं. चारच दिवसांनी दुसऱ्या सामन्यात तो असा आपटला, की हाताची बोटं वेडीवाकडी ताठ झाली आणि स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये नियम झाला, की तोल गेलेला दिसला तर त्या दिवशी खेळ संपला, कारण काहीही सांगा. एनएफएलमध्ये मैदानाजवळ संघाशी संबंध नसलेला मेंदूतज्ज्ञ असतो, आणि वरच्या खोलीतून पडद्यावर बघणारा माणूस 2015 पासून सामना थांबवू शकतो.

आपल्या गावात मेंदूतज्ज्ञ कुठून आणणार? पण दोन्ही संघांशी नातं नसलेला माणूस आणता येतो. शाळेचे गुरुजी, आशाताई, सुट्टीवर आलेला जवान, कुणीही. नाणेफेकीआधी त्यांचं नाव माईकवरून सांगा. ते म्हणतील ‘हा बाहेर’, की तो बाहेर, वाद नाही. तुमच्याकडे राखीव गडी असतातच, संघ एका माणसाने कमी पडत नाही.

अजून एक, तुम्ही विचारलं नसलं तरी. 2 जानेवारी 2023 ला सिनसिनाटीत एनएफएलचा खेळाडू डमार हॅमलिन एक टॅकल करून उठला आणि कोसळला. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या धक्क्याने हृदय थांबलं होतं. मैदानावरच छाती दाबायला सुरुवात झाली, शॉक दिला, आणि तो त्याच वर्षीच्या हंगामात परत खेळला. ही इजा कुठल्याही नियमाने टळली नसती. कबड्डीतही छातीवर गुडघा बसतो. गडी पडला, हाक दिली तरी ओ देत नाही, श्वास नीट नाही, तर एकाने 108 ला फोन करायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागायचं. मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच सेंटीमीटर खोल, गाडी येईपर्यंत न थांबता. दमला की दुसऱ्याने घ्यायचं. पाणी पाजत किंवा कांदा हुंगवत बसू नका.

तुमच्या मंडळाला हे हाताने करून शिकायचं असेल तर संपादकांकडे निरोप ठेवा. मी येते. दोन घट्ट उशा आणि संध्याकाळचा एक तास काढून ठेवा, आणि पोरांबरोबर त्यांच्या आयांनाही बोलवा.