मोठा गेम लावला की पीसी धाडकन बंद पडतो. ग्राफिक्स कार्ड गेलं का?

तुमच्या प्रश्नातलं आधी थोडक्यात: घर अंबाजोगाईत, प्रोसेसर रायझन ५ ५६००, नवं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) जुन्या कॅबिनेटमधलाच ४५० वॉटचा, खाली ६०० व्हीएचा यूपीएस. दिवसभर यूट्यूब, वर्ड सगळं चालतं. संध्याकाळी मोठा गेम लावला की वीसेक मिनिटांत दिवा विझल्यासारखं सगळं बंद. निळी स्क्रीन येत नाही. दुकानदार म्हणतो कार्ड बदला.

कार्डाला इतक्यात हात लावू नका. कार्ड किंवा ड्रायव्हर बिघडला की बहुतेक वेळा स्क्रीन काळी पडते, पण पंखे फिरत राहतात. तुमच्याकडं पंख्यांसकट सगळं थांबतंय, म्हणजे करंटच तुटतोय. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांच्या नोंदवहीत) 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल, त्याला घाबरू नका. मशीन न सांगता बंद झालं एवढंच ते सांगतं, का झालं ते नाही.

माझा पीसी परभणीत दोन महिने असाच मरत होता, तोही संध्याकाळीच. एका दुरुस्तीवाल्यानं मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं, मी शहाण्यासारखा बदललाही. फरक शून्य. मग एकदा हेडफोनची वायर तुटली म्हणून स्पीकरवर खेळत बसलो, तर बंद पडायच्या आधी टेबलाखालून यूपीएसचं टूं-टूं ऐकू आलं. इतके दिवस तो बोंबलत होता आणि माझ्या कानात बंदुका वाजत होत्या! मे महिना होता. सात वाजले की गल्लीतले कूलर एकदम लागायचे, व्होल्टेज बसायचं, यूपीएस बॅटरीवर जायचा आणि तीन वर्षांची म्हातारी बॅटरी गेमचा लोड बघून तिथंच मान टाकायची.

आता तुमचा हिशोब. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे. असे घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटचे असतात. तुमचं कार्ड १७० वॉट, प्रोसेसर ७६ पर्यंत, बाकी बोर्ड-पंखे-डिस्क धरून तीनशेच्या आसपास. त्यावर एसएमपीएसचा स्वतःचा घाटा आणि मॉनिटर. काठोकाठ झालं की नाही? शिवाय कार्ड क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या बरंच वर उडी मारतं. आणि व्होल्टेज उतरलं की तेवढ्याच वॉटसाठी करंट जास्त ओढला जातो: ४०० वॉटला २३० व्होल्टवर पावणेदोन अँपिअर, १७० वर सव्वादोनच्या पुढं.

म्हणून एक संध्याकाळ यूपीएस बाजूला ठेवा आणि पीसी थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या पॉइंटला लावा. स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये नको. लाईट गेली तर गेम जाईल, एवढं सोसा. पीसी बंद पडला नाही तर चोर यूपीएस.

तरीही पडला, तर एसएमपीएसवरचं स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरातलं '४५०' सोडा, +१२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा. १८ असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. तुमचं कार्ड आणि प्रोसेसर मिळूनच २४६ मागतात. कार्डाची आठ पिनची वायर मोलेक्सच्या (जुन्या चार पिनच्या) कन्व्हर्टरवरून घेतली असेल तर ती आजच काढा, तसल्या वायरी जळालेल्या मी पाहिल्यात. एसएमपीएस उघडायचा मात्र नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

खात्री करायला फुकटातला उपाय: आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ६० वर बांधा. दोन तास सुखानं चाललं तर रोग लोडचाच. नवा एसएमपीएस घ्याल तो ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ (कमी वीज वाया घालवण्याचा शिक्का) तरी असावा. ३०६० साठी एनव्हिडियाही ५५० च सांगते. दोन्ही बदलायला पैसे नसतील तर आधी एसएमपीएस घ्या, तोवर पीसी यूपीएसशिवाय चालवा. यूपीएस नंतर ११०० व्हीएचा बघा.

उष्णतेचं राहिलं. प्रोसेसर तापला की आधी गेम अडखळतो, एकदम मरत नाही. तरी एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये तापमान बघून घ्या. ९० च्या वर टिकून राहत असेल तर हीटसिंकमधली धूळ ब्लोअरनं उडवा (पंखा बोटानं धरून) आणि थर्मल पेस्ट नवी लावा. आणि खोलीतल्या पाण्याच्या कूलरचं तोंड कॅबिनेटकडं करू नका. आमच्याकडं बोअरच्या पाण्याचा पांढरा थर कूलरच्या जाळीवर साचतो, तसले तुषार मदरबोर्डवर कशाला?