बेळगाव, धारवाड, गोवा, मालवण: कुठे काय गोड खावं आणि घरी काय आणावं

तुमचा बेत असा दिसतोय: नाताळच्या सुट्टीत गाडीने पुण्याहून बेळगाव, धारवाड, गोवा, मालवण आणि कोल्हापूरमार्गे परत. वाटेत कुठलं गोड चुकवू नये, घरी काय आणावं, हा प्रश्न; आणि सासूबाई अंडं खात नाहीत. या पट्ट्यात माझं कामानिमित्त नेहमी जाणं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खायची यादी आणि आणायची यादी आधीच वेगळी करा. बेळगावचा कुंदा जाताना किलोभर घेऊन आठवडाभर डिकीत फिरवण्यात काही अर्थ नाही. दूध आटवून, खवा-साखर घालून तपकिरी होईपर्यंत परतलेला हा पदार्थ. त्याचा ओलसर, रवाळपणा हीच त्याची मजा आणि तीच आधी जाते. पाव किलो घ्या, त्याच दिवशी संपवा. घरी न्यायला बेळगावातून करदंट घ्या. तो मूळचा गोकाकचा. डिंक, गूळ, खोबरं आणि सुकामेवा असल्यामुळे चांगला टिकतो आणि थंडीत खायलाही योग्य. फक्त त्यासाठी गोकाकची वाकडी वाट करू नका, बेळगावात उत्तम मिळतो.

धारवाडला पेढा, दुसरं काही शोधूच नका. उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाने एकोणिसाव्या शतकात तो इथे सुरू केला. खवा मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत भाजायचा आणि वळलेला पेढा पिठीसाखरेत घोळवायचा, एवढंच त्याचं तंत्र. त्याला भौगोलिक मानांकनही आहे. लाइन बाजारातल्या त्यांच्या दुकानात माल मोजका असतो, त्यामुळे मुक्काम धारवाडला असेल तर सकाळचं पहिलं काम तेच ठेवा.

गोव्यात मात्र वेळ काढा. नाताळात ख्रिस्ती घरांमधून शेजारीपाजारी फराळाचं ताट जातं, त्याला कुस्वार म्हणतात. आपल्या दिवाळीच्या ताटाशी त्याचं नातं लगेच ओळखू येतं, कारण त्यात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्याच. बेबिंका यातला सर्वांत कष्टाचा पदार्थ. नारळाचं दूध, साखर, मैदा, अंड्याचा बलक, तूप आणि जायफळ. एक पातळ थर ओतायचा, वरून आच द्यायची, रंग चढला की तुपाचा हात फिरवायचा आणि त्यावर पुढचा थर. पूर्वी भांड्याच्या झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत. सात थरांची परंपरा सांगतात, हौशी घरांत जास्तही करतात. काप आडवा धरून बघा: फिकट आणि गडद रेघा स्पष्ट दिसल्या आणि थर बोटांनी सुटे झाले तर माल चांगला. किंचित कोमट करून खा, थंडगार बेबिंका तुपामुळे टाळूला चिकटतो.

सासूबाईंना बेबिंका चालणार नाही, पण त्यांनी हिरमुसायचं कारण नाही. दोदोल आहे: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ, तासन्तास ढवळून घट्ट केलेला. माझ्या मते गोव्यातलं सर्वांत सुंदर गोड हेच. हरभऱ्याच्या डाळीचा आणि नारळाचा दोस, पेरूचा पेराद, हेही चालेल. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हे सगळं एका फेरीत मिळतं. बिस्किटं आणि केक घेताना मात्र दरवेळी विचारा, बहुतेकांत अंडं असतं.

मालवणात खाजं. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, त्यावर आल्याच्या चवीचा गुळाचा पाक. कार्तिकी पौर्णिमेपासून सिंधुदुर्गात गावोगावच्या दहीकाल्याच्या जत्रा सुरू होतात. एखादी वाटेत लागली तर तिथलंच घ्या, खडखडे लाडूसुद्धा. दोन्ही छान टिकतात, तेव्हा आणायच्या यादीत हेच वर. हळदीच्या पानातल्या पातोळ्या श्रावणात आणि फणसाची सांदणं उन्हाळ्यात. डिसेंबरात कुणी फणसाची सांदणं समोर ठेवली तर ती साठवणीच्या रसाची, हे धरून चाला.

कोल्हापूरच्या आसपास तेव्हा गुऱ्हाळं जोरात असतात. मुलांना एकदा आत न्याच. काहिलीत रस उकळतोय, माणूस वर आलेली मळी झाऱ्याने सतत काढतोय, बाजूला चिपाडांचा ढीग जाळात सरकवला जातोय. गुऱ्हाळवाले सहसा बघू देतात, गरम गूळ हातावर ठेवतात, फक्त मुलांना काहिलीपासून लांब ठेवा. काकवीची बाटली घ्या. गुळाची ढेप घेताना पिवळाधमक रंग बघून भुलू नका, तो बऱ्याचदा रसायनाने उजळलेला असतो, तांबूस-काळपट मागा.

आणि साताऱ्याचे कंदी पेढे जाताना घेऊ नका. परतीत साताऱ्याला थांबा, शेजाऱ्यांना आणि ऑफिसात वाटायला तेच घ्या. दुसऱ्या दिवशी ताजे वाटता येतील.