फ्रँकेल की सी द स्टार्स? आधी हरलेले घोडे बघा

तुमचा प्रश्न असा आहे: ब्रिटन-आयर्लंडच्या फ्लॅट रेसिंगमध्ये (अडथळे नसलेल्या रेसमध्ये) सगळ्यात मोठा घोडा कोणता, आणि ट्रेनर व जॉकींमध्ये वरचं नाव कोणाचं? जोडीला फ्रँकेलबद्दल शंकाही काढली आहे. १४ पैकी १४ रेस जिंकला हे खरं, पण कधी ब्रिटनबाहेर गेला नाही, दीड मैल धावला नाही, पॅरिसच्या आर्कला, म्हणजे युरोपातल्या दीड मैलाच्या सगळ्यात मोठ्या रेसला, तर उतरलाच नाही. मग डर्बी आणि आर्क दोन्ही जिंकणाऱ्या सी द स्टार्सच्या पुढे त्याला का ठेवायचं?

शंका रास्त आहे, आणि बरेच जाणकार सी द स्टार्सचंच नाव घेतात. माझं उत्तर मात्र फ्रँकेल.

घोडा किती रेस जिंकला, हे मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो की त्याने कोणाला मागे टाकलं, आणि ते मागे पडलेले घोडे पुढे काय करून गेले. किरकोळ घोड्यांना दहा लेंथने (एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) हरवणारे दर सीझनला निघतात.

फ्रँकेलची पहिलीच रेस घ्या. १३ ऑगस्ट २०१०, न्यूमार्केट, दोन वर्षांच्या नवख्या घोड्यांची एक मैलाची रेस. फ्रँकेल अर्ध्या लेंथने जिंकला. दुसरा आला तो नथॅनियल. या नथॅनियलने २०११ साली किंग जॉर्ज जिंकली, २०१२ साली एक्लिप्स जिंकली, आणि पुढे त्याची मुलगी एनेबल दोनदा आर्क जिंकून गेली. दोन वर्षांनी ॲस्कॉटला फ्रँकेल शेवटचा धावला, तेव्हा तिसरा कोण होता? हाच नथॅनियल.

एक्सेलब्रेशन बघा. फ्रँकेलसमोर पाच वेळा उतरला, पाचही वेळा हरला. फ्रँकेल समोर नसला की हाच घोडा फ्रान्समध्ये मूलाँ आणि जाक ल मारवा जिंकतो, ॲस्कॉटला क्वीन एलिझाबेथ जिंकतो. तिन्ही ग्रुप वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या रेस. दुसऱ्या कुठल्याही काळात जन्मला असता तर मैलाचा राजा म्हणून मिरवला असता. फार्ह २०१२ साली गुडवुडला फ्रँकेलमागे सहा लेंथ राहिला, यॉर्कला सात लेंथ. पुढच्या वर्षी त्याने लॉकिंज आणि चॅम्पियन स्टेक्स अशा दोन मोठ्या रेस मारल्या. कॅनफर्ड क्लिफ्स तर ससेक्स स्टेक्सला आला तोच लागोपाठ पाच ग्रुप वन जिंकून, शेवटची गोल्डिकोवाला हरवून. त्याच्यावर रिचर्ड ह्यूज होता, जो हिवाळ्यात आपल्या महालक्ष्मीला येऊन राइड करायचा. चारच घोड्यांची रेस. फ्रँकेल पहिल्यापासून पुढे राहिला आणि पाच लेंथने जिंकला. कॅनफर्ड क्लिफ्सला त्या दिवशी दुखापत झाली होती हे मान्य करायला हवं, पण दुखापत नसती तरी निकाल बदलला असता असं मला वाटत नाही.

आता २०११ ची टू थाउजंड गिनीज, तीन वर्षांच्या घोड्यांच्या पाच मोठ्या ‘क्लासिक’ रेसपैकी एक. ही रेस ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी आज रात्री बघावी. न्यूमार्केटचा रोली माइल म्हणजे सरळ एक मैल, वळण नाही. एवढ्या अंतरात जॉकी सुरुवातीला घोडा दाबून ठेवतात आणि शेवटच्या दोन-तीन फर्लाँगांत (फर्लाँग म्हणजे मैलाचा आठवा भाग) सोडतात. फ्रँकेलचा जॉकी टॉम क्विलीने मात्र गेट उघडताच त्याला जाऊ दिलं. पेसमेकर म्हणून, म्हणजे सुरुवातीचा वेग ठरवायला, उतरवलेल्या घोड्यालाही त्याच्यापुढे जाता आलं नाही. निम्मं अंतर झालं तेव्हा तो बाकीच्यांच्या दहा-पंधरा लेंथ पुढे होता, आणि मागचे जॉकी तेव्हाच चाबूक काढून बसले होते. क्लासिक रेसमध्ये अर्ध्या वाटेवर सगळ्यांनी हात टेकलेले मी दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही. शेवटी जिंकला सहा लेंथने, कारण शेवटी तो थोडा मंदावला. पण त्याच्या वेगामागे धावून मधले घोडे इतके थकले होते की त्यांनाही अंतर पुरतं कापता आलं नाही.

आणि इथेच ट्रेनरचा विषय निघतो. ही रेस जितकी थरारक, तितकीच काळजीची होती. लगाम ओढत सुटणारा घोडा मैल मारेल, सव्वा मैल मारेलच असं नाही. पुढच्याच रेसला, रॉयल ॲस्कॉटच्या सेंट जेम्सेस पॅलेसला, हे दिसलं. क्विलीने घोडा फार लवकर सोडला, वळणावरच सहा लेंथ पुढे गेला, आणि शेवटी झोफनी धावत येऊन पाऊण लेंथवर पोहोचला. फ्रँकेल हरण्याच्या सगळ्यात जवळ आला तो तिथे. फ्रँकेलचा ट्रेनर सर हेन्री सेसिलने यानंतर जे केलं ते मला चौदा विजयांपेक्षा मोठं वाटतं. वॉरन प्लेस या सेसिलच्या तबेल्यात रोज सकाळी तोच राइडर, शेन फेदरस्टनहॉ, त्याला इतर घोड्यांच्या मागे शांतपणे कँटर करायला लावायचा. रेसमध्ये त्याचा सावत्र भाऊ बुलेट ट्रेन पुढे धावायचा, म्हणजे फ्रँकेलला कोणाच्या तरी मागे बसायची सवय राहील. घाई नाही. चार वर्षांचा झाल्यावर लॉकिंजला पाच लेंथ, क्वीन ॲनला अकरा लेंथ. क्वीन ॲन ही रॉयल ॲस्कॉटची पहिलीच रेस, आपल्याकडे संध्याकाळचे सात. तो अकरा लेंथचा विजय रेकॉर्डबुकात बसवायला हँडिकॅपरांना (घोड्यांना पौंडांत रेटिंग देणाऱ्यांना) घाम फुटला असणार.

मग ऑगस्टमध्ये यॉर्क, पहिल्यांदाच सव्वा मैल. वर्षभरापूर्वी ज्याला आवरता येत नव्हतं तो घोडा गेटमधून निघून सगळ्यांच्या मागे जाऊन बसला. स्ट्रेटमध्ये बाहेरून नुसता सरकत वर आला. क्विलीचे हात हललेसुद्धा नाहीत, आणि दोन फर्लाँग उरले असताना तो पुढच्या घोड्यांच्या बरोबरीला होता. पुढे सात लेंथ. सेसिल तोवर कॅन्सरने खंगला होता, हॅट घातलेली, आवाज जेमतेम निघत होता. १० महिन्यांनी, ११ जून २०१३ ला तो गेला.

सेसिल माझ्या मनात का बसला आहे, तर हा माणूस दहा वेळा चॅम्पियन ट्रेनर झाला आणि मग साफ कोसळला. जुळा भाऊ गेला, घर मोडलं, मालकांनी घोडे काढून नेले, २००५ च्या सबंध सीझनमध्ये फक्त १२ विनर. खालिद अब्दुल्ला या मालकाने मात्र घोडे ठेवले. २००७ साली लाइट शिफ्टने ओक्स जिंकली आणि एप्समवर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याच अब्दुल्लाने मग फ्रँकेल सेसिलकडे पाठवला.

आता सी द स्टार्स. २००९ साली मे ते ऑक्टोबर दर महिन्याला एक ग्रुप वन: गिनीज, डर्बी, एक्लिप्स, यॉर्क, आयरिश चॅम्पियन, आर्क. एक मैल ते दीड मैल, तीन देश. याच्या मागे राहिलेलेही सामान्य नव्हते. फेम अँड ग्लोरी आयरिश डर्बी जिंकला, रिप व्हॅन विंकल ससेक्स जिंकला, मास्टरक्राफ्ट्समन त्याच वर्षी आयरिश गिनीज आणि सेंट जेम्सेस पॅलेस जिंकलेला, कॉन्ड्युइट किंग जॉर्ज जिंकला. एवढा सलग, एवढा विविध सीझन माझ्या माहितीत दुसरा नाही. जॉन ऑक्सचं ट्रेनिंग आणि पन्नाशीतला जॉकी मिक किनेन, दोघांनीही घोड्याला कधी गरजेपेक्षा जास्त खर्चू दिलं नाही. सीझन म्हणाल तर सी द स्टार्सचा, हे मी बिनशर्त मान्य करतो. पण एका दिवशी घोड्याने गाठलेली उंची म्हणाल तर फ्रँकेल. टाइमफॉर्म या रेटिंग देणाऱ्या संस्थेचे आकडेही तेच सांगतात: फ्रँकेल १४७, सी बर्ड १४५, ब्रिगेडियर जेरार्ड १४४, मिल रीफ १४१, सी द स्टार्स १४०. आंतरराष्ट्रीय हँडिकॅपरांनी २०१३ साली जुने आकडे फेरतपासून डान्सिंग ब्रेव्हला १४१ वरून १३८ वर आणलं आणि त्यांच्या वेगळ्या मोजणीत १४० वाला फ्रँकेल वर गेला, तो प्रकार मला आवडला नाही. १९८६ ची आर्क जिंकलेल्या घोड्याचे तीन पौंड पंचवीस-सव्वीस वर्षांनी काढून घ्यायची गरज नव्हती. फ्रँकेलला त्या मदतीची गरज नव्हतीच.

आर्कला न नेल्याची हळहळ मलाही आहे. पण तो शेवटचा ॲस्कॉट बघा: मऊ मैदान, गेटमधून उशिरा निघाला, समोर चिखलातला बादशहा सिरस दे एगल, गेल्या वर्षीचा त्याच रेसचा विजेता. सगळं विरोधात असताना पावणेदोन लेंथने जिंकला. घरीच जिंकला म्हणून ते सोपं होत नाही.

ट्रेनरमध्ये एकच नाव हवं असेल तर सेसिलवर जीव असूनही मी व्हिन्सेंट ओब्रायनचं घेईन. लागोपाठ तीन ग्रँड नॅशनल, १९५३ ते १९५५, जंप रेसिंगमध्ये सगळं मिळवून झाल्यावर माणूस फ्लॅटकडे वळला आणि सहा एप्सम डर्बी, तीन आर्क जिंकल्या. निजिन्स्की त्याचाच, १९७० चा ट्रिपल क्राउन (गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर एकाच वर्षी). तेव्हापासून आजवर कोणाला तो जमलेला नाही. २०१२ साली कॅमेलॉट सेंट लेजरला पाऊण लेंथने हुकला.

व्हिन्सेंटच्याच बॅलीडॉइल तबेल्यात आज एडन ओब्रायन आहे. आडनाव तेच, पण नातं नाही. त्याच्यावर नेहमीचा आक्षेप: कूलमोर या बड्या ब्रीडिंग संस्थेचे पैसे, नामांकित स्टॅलियन गलिलिओचं रक्त, घोड्यांचा सुकाळ, मग अकरा डर्बी जिंकणारच. मला हा आक्षेप पटत नाही, कारण त्याचं खरं काम घोडा हरल्यावर दिसतं. ऑगस्ट रोडिन २०२३ च्या गिनीजला बारावा आला. चार आठवड्यांनी डर्बी जिंकला. मग किंग जॉर्जला चक्क शेवटचा. त्याच वर्षी आयरिश चॅम्पियन आणि अमेरिकेत ब्रीडर्स कप टर्फ जिंकला. पुढच्या वर्षी सिटी ऑफ ट्रॉय गिनीजला नववा, आणि नंतर डर्बी, एक्लिप्स, यॉर्क. एवढ्या मोठ्या तबेल्यात असा पडलेला घोडा बाजूला ठेवून दुसरा पुढे करणं सोपं होतं. त्याने तसं केलं नाही. २०१७ साली त्याने एका वर्षात २८ ग्रुप किंवा ग्रेड वन (अमेरिकेत ग्रुपला ग्रेड म्हणतात) मारल्या आणि जुना २५ चा विक्रम मोडला. तो विक्रम अमेरिकन ट्रेनर बॉबी फ्रँकेलचा होता, ज्याच्या नावावरून आपल्या घोड्याचं नाव ठेवलं आहे.

जॉकींवर फार वाद घालू नये असं मला वाटतं, कारण चांगल्या घोड्यावर कोणीही चांगला दिसतो. मी बघतो ते बेत फसल्यावर तो काय करतो. लेस्टर पिगॉटच्या नऊ डर्बी सगळ्यांना माहीत आहेत. त्याहून मला १९९० मोलाचं वाटतं: निवृत्ती, करचुकवेगिरीचा तुरुंगवास, आणि ५४ व्या वर्षी पुन्हा खोगिरावर बसल्यावर दोन आठवड्यांच्या आत रॉयल अकॅडमीवर ब्रीडर्स कप माइल. ट्रेनर अर्थात व्हिन्सेंट ओब्रायन.

अलीकडच्यांत रायन मूर रोजच्या कामात सगळ्यांच्या पुढे आहे. वेगाचा अंदाज त्याच्याइतका कोणाचा पक्का नाही. तरीही मोठ्या दिवशी मला फ्रँकी डेटोरी हवा. २०१५ ची आर्क आठवा. गोल्डन हॉर्नला गेट १४ मिळालं होतं, म्हणजे आर्क होते त्या लाँगशाँला बाहेरच्या बाजूला अडकणं आलं. सगळे आत घुसायला धडपडत असताना डेटोरी एकटाच बाहेर, मोकळ्या हवेत, काही फर्लाँग सरळ धावत राहिला. घोडा शांत झाल्यावर तिरका आत आला आणि दुसऱ्या नंबरवर अलगद बसला. तिसऱ्या आर्कसाठी आलेली त्रेव्ह चौथी राहिली. ही राइड आधी ठरवायला डोकं लागतं, आणि एवढ्या गर्दीत ती पार पाडायला छाती लागते. तीन वर्षांनी एनेबलवर त्याने सी ऑफ क्लासला शॉर्ट नेकने थोपवलं, घोडी पूर्ण फिट नसताना, त्या वर्षीच्या तिच्या दुसऱ्याच रेसमध्ये.

टॉम क्विलीला कोणी या यादीत धरत नाही, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. चौदाच्या चौदा रेस तोच होता, आणि ॲस्कॉटच्या त्या एका घाईनंतर त्याने घोड्याला परत कधी उधळू दिलं नाही.

बघायला सुरुवात करणार असाल तर आधी गिनीज, मग लगेच सेंट जेम्सेस पॅलेस, आणि त्यानंतर यॉर्क, अशा क्रमाने बघा. यॉर्कला पहिल्यांदा बघताना घोड्याकडे बघाल. दुसऱ्यांदा लावा तेव्हा स्ट्रेटमध्ये फक्त क्विलीच्या कोपरांवर नजर ठेवा आणि इतर जॉकींची काय धडपड चालली आहे ते ताडून बघा.