नुसतं ‘चाला’ म्हणून भागत नाही

प्रश्न : काकू, मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मेडिसिनच्या ओपीडीत शुगर-बीपीच्या प्रत्येक पेशंटला ‘गोड बंद, मीठ कमी, रोज चाला’ एवढं सांगितलं जातं. तो मान हलवतो, आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट तसाच. औषधांचे डोस आम्हाला पाठ आहेत, पण माणसाची सवय बदलायला मदत कशी करायची, हे कुणीच शिकवत नाही. लाइफस्टाइल मेडिसिन, म्हणजे रोजच्या सवयी बदलून आजार टाळणं आणि आटोक्यात ठेवणं, हा वेगळा विषय अभ्यासक्रमात हवा का? आणि तोवर मी काय करू?
— एक विद्यार्थिनी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : वेगळा विषय नको, असं माझं ठाम मत आहे. वेगळा पेपर आला की वेगळं गाइड येतं आणि परीक्षा संपली की ते माळ्यावर जातं. आहार, हालचाल, झोप, ताण, व्यसन आणि माणसांची सोबत या सहा गोष्टी आहेत त्याच विषयांत मुरायला हव्यात. व्यायाम करताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतात, हे फिजिऑलॉजीत, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं त्या विषयात, शिकवतात. तिथेच एखादा पेशंट समोर बसवावा.

फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधांच्या विषयात, तर हे फारच गरजेचं आहे. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने तुझं ऐकून रात्रीचं जेवण एकदम निम्मं केलं किंवा नवरात्राचे उपास धरले, तर त्याची साखर धोकादायक उतरू शकते. म्हणजे पथ्य सांगणाऱ्याला गोळीचा डोसही बघावा लागतो. हे दोन वेगळ्या खोल्यांत शिकवून कसं चालेल?

आता ‘चाला’बद्दल. अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या मधुमेह टाळण्याच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांत जीवनशैली बदलून मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या भारतीय अभ्यासात दोन्हींचा फायदा जवळपास सारखाच, पाव हिश्श्याहून थोडा जास्त निघाला. हे आकडे वर्गात सांगतात. सांगत नाहीत ते असं की अमेरिकेतल्या त्या लोकांना पहिल्या सहा महिन्यांत १६ बैठका मिळाल्या होत्या, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन घटवणं असं ठरलेलं लक्ष्य होतं, आणि पाठपुरावा करणारं माणूस होतं. नुसतं ‘चाला’ म्हणणं म्हणजे गोळीचं नाव सांगून डोस न लिहिण्यासारखं आहे.

आणि सांगण्याआधी विचारायला शीक. ‘काय खाता?’ असं नको. ‘काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं?’ असं विचार. मग आपलं इंदूर तुझ्या केसपेपरवर उतरेल : सकाळी पोहे, वर शेव आणि जीरावन मसाला, शेजारी जलेबी, दुपारच्या वरणातही शेव, दुकान वाढवून रात्री अकराला सराफ्यातल्या खाऊगल्लीत, झोपायला एक. या माणसाने भाजीतलं मीठ खरंच कमी केलेलं असतं, पण शेव तो मिठात धरतच नाही. ‘भिया, सेव तो चलती है ना’ असं तो अगदी मनापासून विचारतो. त्याला रागावू नकोस. यातलं काय बदलता येईल, हे त्यालाच ठरवू दे. तो म्हणाला, ‘दुपारची शेव सोडतो’, तर विचार, ‘दहापैकी किती खात्री?’ चार म्हणाला, तर ‘दोन का नाही, चार का?’ असं विचार. आपल्याला हे का जमेल, ते तो स्वतःच बोलायला लागतो. तरीही आकडा वर सरकला नाही, तर ठरवलेली गोष्टच लहान कर.

ओपीडीच्या तीन मिनिटांत हे सगळं बसत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच नर्सिंग, फिजिओथेरपी, आहारशास्त्र आणि एमबीबीएसची मुलं एकाच पेशंटभोवती एकत्र शिकायला हवीत. गुडघे दुखणाऱ्या आजींना चालायला सांगून उपयोग नाही. खुर्चीत बसून करायचे व्यायाम फिजिओची मुलगी दाखवेल. आज एकाच आवारात शिकून ही मुलं एकमेकांना ओळखत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट परीक्षेची. जे विचारलं जात नाही, ते पोस्टिंगच्या, म्हणजे ओपीडी-वॉर्डातल्या पाळीच्या, घाईत कुणी शिकत नाही. ऑस्कीत, म्हणजे टेबलाटेबलावर एकेक कौशल्य तपासणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेत, यासाठी एक स्टेशन असावं आणि उपदेशाला नाही, तर विचारण्याला गुण असावेत. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या योग्यताधारित (काय करता येतं यावर भर देणाऱ्या) अभ्यासक्रमात संवादाला जागा आहेच. कुटुंब दत्तक उपक्रमात विद्यार्थ्यांना काही कुटुंबं नेमून देतात, ती घरं तर तुमच्याकडे वर्षानुवर्षं राहणार. कंबर आणि बीपी मोजून परत येण्याऐवजी तिथे एका घरात एक सवय धरा आणि दर भेटीत तिची चौकशी करा.

तुझ्या झोपेचं आणि मेसच्या जेवणाचंही बघ गं. स्वतः व्यायाम करणारे डॉक्टर पेशंटशी व्यायामाबद्दल जास्त बोलतात, असं अभ्यासांत दिसलं आहे.

तोवर काय करायचं, तर पुढच्या पोस्टिंगला एकच पेशंट निवड. त्याने ठरवलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत केसपेपरवर लिही, युनिटच्या सरांना दाखव, पुढची तारीख दे. तो आला की आधी त्या गोष्टीबद्दल विचार, रिपोर्ट मग बघ.