मुदत ठेव मोडण्याआधी नहाणीच्या जाळीकडे बघा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. ३ वर्षांत दोनदा घरात पाणी शिरलं. ५ ठेकेदारांना फोन केले. दोघं बघून गेले ते परत फिरकलेच नाहीत. आता एकजण काम उक्तं घ्यायला तयार आहे, पण ६० टक्के रक्कम आगाऊ मागतोय. त्यासाठी मुदत ठेव मोडावी का, असं तुम्ही विचारलंय.

या अटीवर मोडू नका. मुदतीआधी ठेव मोडून व्याज घटेल, ते सोसता येईल. पण ६० टक्के एकदा दिले की त्याला परत यायची घाई राहत नाही आणि तुमच्यापाशी दुसरा माणूस लावायला पैसे राहत नाहीत.

त्याहून मला खटकलं ते कोटेशन: ‘आतून वॉटरप्रूफिंग, नवा गिलावा, रंग’. तुम्हीच लिहिलंय की पाणी आधी नहाणीच्या जाळीतून बुडबुडत वर आलं, उंबरठ्यावरून नंतर. म्हणजे बाहेरची ड्रेनेज लाइन भरून पाणी उलटं फिरत असणार. भिंतीला कितीही थर दिले तरी ते जाळीतून येईलच. तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप लागते, आणि ती चांगला प्लंबर बसवतो. (व्हॉल्व्ह बंद असेपर्यंत घरातलं सांडपाणीही बाहेर जात नाही, तेव्हा नळ सोडायचे नाहीत.) शिवाय भिंतीला गुडघाभर लोणा आलाय म्हणता. विटांची भिंत पुरती सुकायला महिने लागतात. ओल्या भिंतीवर केलेल्या गिलाव्याचे पोपडे सुटतात, पैसे पाण्यात.

ठेकेदार टाळतात त्यालाही कारण आहे. पाणी कुठून येतं ते माहीत नाही, आणि पुन्हा आलं तर बोल त्यांनाच लागणार. असं काम कोण अंगावर घेईल? म्हणून पहिला खर्च स्वतंत्र इंजिनिअरच्या फीचा करा. तो स्वतः काम घेणारा नसावा. त्याच्याकडून मोजमापांसह कामांची यादी लिहून घ्या: व्हॉल्व्ह, घरापासून बाहेर पहिल्या ३ मीटरमध्ये जमिनीला साधारण १५ सेंमी उतार, विजेचे सॉकेट पाण्याच्या खुणेच्या वर. अशी यादी हातात असली की प्लंबर, गवंडी, वायरमन आपापल्या कामाचा दर सांगतात. मोठा ठेकेदार मिळाला नाही तरी अडत नाही. विचारणा मात्र कोरड्या दिवसांत करा. पुरानंतर सगळेच कामात बुडालेले असतात.

विसार १० टक्क्यांच्या आसपास ठेवा, सामान स्वतःच्या नावे बिल घेऊन आणा, बाकीचे पैसे झालेलं काम मोजून द्या. शेवटचे १० टक्के पहिला जोराचा पाऊस होईपर्यंत रोखावेत असं मी म्हणेन. छोटे कारागीर कुरकुरतील. ५ टक्क्यांवर तडजोड करा, शून्यावर नको.

पैसा उभा करायला आधी ठेवीवर कर्ज मिळतं का ते बँकेत विचारा. ओव्हरड्राफ्ट असेल तर उचलाल तेवढ्यावरच व्याज. ६ महिन्यांच्या घरखर्चाला हात लावू नका. घराच्या विम्यात पूर धरलाय का, ते लेखी विचारा. प्रत्येक पॉलिसीत तो असेलच असं नाही. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो गिलावा खरवडण्याआधी काढा.

एक शक्यता मनात ठेवा. जोतंच रस्त्यापेक्षा खाली असल्याचं इंजिनिअर म्हणाला, तर एकट्या व्हॉल्व्हने भागणार नाही. तसं झालं तर रंगावर एक पैसाही घालू नका. तो अहवाल मला पाठवा, घर उचलून उंच करायचं की सोडायचं याचा हिशेब आपण मिळून मांडू.