रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग पुढे काय?

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि रिपोर्टच्या झेरॉक्स मिळाल्या. मूल होत नाही म्हणून गेलेल्या प्रत्येक दवाखान्यात ‘सगळे नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका, होऊन जाईल’ हे ऐकून आता त्या वाक्याचीच चीड येते, असे तू लिहिले आहेस. चीड येणे साहजिक आहे. स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत माझी सगळी नोकरी गेली. हे वाक्य मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने असंख्य वेळा ऐकले आहे आणि ते बऱ्याचदा समोरच्या बाईकडे नव्हे, तर दाराबाहेरच्या रांगेकडे पाहून उच्चारले जाते.

तरीही त्यात तथ्य किती, ते आधी पाहू. नियमित संबंध असलेल्या शंभर जोडप्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वर्षभरात दिवस राहतात आणि उरलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना दुसऱ्या वर्षात. त्यामुळे लग्नाला आठ महिने झालेल्या पंचविशीतल्या मुलीला ‘थांबा’ सांगणारा डॉक्टर चुकत नाही. परंतु वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असून सहा महिने गेले, तर तपासणी सुरू करावी, असा सर्वमान्य नियम आहे. तू बत्तीस वर्षांची आहेस आणि तिसरे वर्ष सरत आले आहे. तुझ्यासाठी ‘थांबा’ हा सल्ला आता पुरेसा नाही. (हिशेब मात्र एकत्र राहिलेल्या महिन्यांचा करायचा, लग्नाच्या तारखेपासून नव्हे. आपल्या भागात घरोघरी कोणी फौजेत, कोणी गोव्यात असतो. रजेपुरत्या घरी येणाऱ्या नवऱ्याची तीन वर्षे ही तीन वर्षे धरता येत नाहीत. तुमचे तसे नाही.)

टेन्शनबद्दल एवढेच सांगते, की मूल होत नाही म्हणून मनावर ताण येतो हे निर्विवाद आहे, पण ताणामुळेच मूल होत नाही, असे म्हणायला तसा भक्कम आधार नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०११ साली १४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण छापले होते. साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या त्या माहितीत, उपचारापूर्वीच्या मानसिक त्रासाचा आयव्हीएफसारख्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) उपचारांच्या यशापयशाशी संबंध आढळला नाही. तेव्हा ‘तूच फार विचार करतेस’ हा दोष अंगाला लावून घेऊ नकोस.

आता तुझ्या फायलीकडे वळते. रिपोर्ट नॉर्मल असणे म्हणजे जे तपासले, ज्या दिवशी तपासले आणि ज्या रीतीने तपासले, तेवढ्यापुरते काही सापडले नाही, इतकेच. तुझी सोनोग्राफी पुन्हा पुन्हा झाली, रक्त कितीदा काढले ते मोजवत नाही, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहण्यासाठी एचएसजीचे दुखणेही तू सोसलेस. तुझ्या यजमानांचा मात्र एकच कागद आहे, तोही दोन वर्षांपूर्वीचा. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूच्या कारणाचा वाटा असतो, हे लक्षात घेतले तर ही वाटणी विचित्र दिसते.

तो कागद मी भिंगाखाली धरून वाचला. शुक्राणूंची संख्या मिलिलिटरला १.८ कोटी आणि एकूण हालचाल ४३ टक्के लिहिली आहे. खाली ‘नॉर्मल’ असा शिक्का आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा अनुक्रमे १.६ कोटी आणि ४२ टक्के आहे, म्हणजे आकडे काठावरचे आहेत. शिवाय ही मर्यादा ओलांडली म्हणजे मूल होणारच, असा तिचा अर्थ कधीच नव्हता. त्याच कागदावर किती दिवसांच्या संयमानंतर नमुना दिला, तो किती वाजता घेतला आणि किती वाजता तपासला, हे रकाने कोरे आहेत. तू लिहितेस, की ते घरूनच बाटली पिशवीत घालून खानापूरहून बसने बेळगावला गेले होते. नमुना दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर घ्यायचा असतो, शरीराच्या उबेला जपून तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायचा असतो. म्हणून तपासणी पुन्हा करा आणि नमुना तिथेच, स्वतंत्र खोलीची सोय असलेल्या ठिकाणी द्या. ते उद्यमबागेतल्या फाउंड्रीत भट्टीजवळ काम करतात, हे आजवर एकाही डॉक्टरने विचारले नाही, याचे मला नवल वाटते. उष्णतेचा शुक्राणूंच्या निर्मितीवर परिणाम होऊ शकतो. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात; त्यामुळे कामाची जागा बदलणे किंवा तंबाखू सोडणे, याचा फरक पडला तरी तो तीन महिन्यांनी दिसेल.

तुझ्या बाजूच्या दोन गोष्टी खटकल्या. बीज सुटते का हे पाहण्यासाठी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी एकविसाव्या दिवशी केली आहे. हा दिवस अठ्ठावीस दिवसांच्या चक्राला लागू पडतो. तुझी पाळी पस्तीस दिवसांनी येते, त्यामुळे रक्त अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी घ्यायला हवे होते. दुसरे, पाळीच्या दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर उभे राहवत नाही म्हणून तू शाळेत रजा टाकतेस, हे तू पत्राच्या तळाशी जाता जाता लिहिले आहेस. ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांग. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, सोनोग्राफीत आणि एचएसजीत न दिसताही असू शकतो; त्यासाठी लॅप्रोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून पाहणे) करायची का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. घरात कोणाला क्षयरोग झाला असेल तर तेही सांग, कारण आपल्या देशात गर्भनलिकांचा क्षय हे दुर्मीळ कारण नाही. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांच्या तपासण्या ठीक आहेत. फॉलिक ॲसिडची गोळी चालू ठेव.

पुढच्या भेटीला दोघांनी मिळून जा. पाळीच्या तारखा, झालेल्या तपासण्या आणि प्रश्न हे सगळे मराठीतच एका पानावर लिहून ने. डॉक्टर कानडीत बोलले आणि अर्धेच कळले, तर मान डोलावू नकोस, पुन्हा विचार. आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर मराठी समजतात, फक्त आपणच संकोचतो. ‘थांबा’ असेच उत्तर मिळाले, तर किती महिने थांबायचे आणि त्यानंतर काय करायचे, हे केसपेपरवर लिहून माग.

सगळे पुन्हा नीट तपासूनही कारण सापडले नाही, असेही होऊ शकते. बऱ्याच जोडप्यांचे तसे होते. त्यानंतरचा मार्गही ठरलेला आहे. प्रजननविषयक युरोपीय तज्ज्ञसंस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा वेळी बीज वाढवणाऱ्या औषधांसह आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणे) हा पहिला उपचार सांगितला आहे. नुसत्या गोळ्या महिनोन्महिने घेत राहण्याने फायदा होत नाही. आयव्हीएफची वेळ आली तर रस्त्यावरची होर्डिंग पाहून केंद्र निवडू नका. २०२१ च्या कायद्यानुसार केंद्राची नोंदणी आवश्यक आहे, ती पाहा. तिथे यशाचे प्रमाण विचाराल तेव्हा तुझ्या वयोगटातल्या किती बायकांच्या हाती मूल आले, हे विचारा. ‘टेस्ट पॉझिटिव्ह’चा आकडा नेहमीच मोठा दिसतो.

राहिला प्रश्न सासूबाईंचा. त्या सौंदत्तीला यल्लम्माची ओटी भरायला चल म्हणतात आणि तुला ते जाचते. मन होत असेल तर जा, नसेल तर यजमानांनी आईला सांगावे. ते तुझे काम नाही. मात्र यजमानांच्या तपासणीची तारीख कोणत्याही यात्रेसाठी पुढे ढकलू नका, कारण ‘आमच्या मुलात काही दोष नाही’ म्हणत ती तपासणी टाळताना मी पुष्कळ घरे पाहिली आहेत.

नव्या रिपोर्टची झेरॉक्स, रकाने भरलेली, मला पाठव. डॉक्टरांना भेटण्याआधी आपण फोनवर बसून प्रश्नांचे पान एकदा वाचू.

तुझी,
मावशी